एकच टेबल, अनेक थ्रेड: डिस्क्रिप्टर लॉकवरच्या चढाओढीच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

नवं दोन सॉकेटचं, म्हणजे दोन प्रोसेसर चिपचं, मशीन आलं. कोअर जुन्याच्या दुपटीहून जास्त, पण आमची लघुचित्रं बनवणारी सर्व्हिस त्यावर जेमतेम जुन्याच वेगाने चालते आहे. सर्व्हिस म्हणजे एक प्रोसेस आणि तिच्यात पुष्कळ वर्कर थ्रेड. थ्रेडचं काम एकसुरी: छोटी फाइल उघडायची, वाचायची, बंद करायची, पुढची घ्यायची. फाइली जवळपास सगळ्या पेज कॅशमध्ये (कर्नलने मेमरीत ठेवलेल्या फाइलींच्या साठ्यात) बसतात, त्यामुळे डिस्क निवांत आहे. सीपीयू मात्र भरलेला, आणि त्यातला मोठा वाटा सिस्टिम टाइमचा, म्हणजे कर्नलच्या कोडमध्ये जाणाऱ्या वेळेचा. लिनक्स कर्नल ६.६.

टीममध्ये एक मत आहे की थ्रेड कमी करावेत. तसं केलं की आलेख थोडा सुधारतो हेही खरं. पण मग उरलेल्या कोअरचं काय करायचं? मला आधी कारण हवं आहे.

सीपीयूचा वेळ कोणत्या फंक्शनांत जातो ते दाखवणारं पर्फ टॉप लावून पाहिलं. यादीच्या डोक्यावर स्पिनलॉकचा स्लोपाथ, म्हणजे लॉक मिळत नाही म्हणून जागच्या जागी फिरत राहणारा कोड. कॉलग्राफ उघडला तर त्याच्याकडे येणाऱ्या दोनच ठळक वाटा: ओपनकडून क्रमांक देणारं अ‍ॅलॉक-एफडी आणि क्लोजकडून क्रमांक परत घेणारं फंक्शन. दोन्ही एकाच लॉकपाशी येऊन थांबतात. तो प्रोसेसच्या फाइल्स-स्ट्रक्टमधला फाइल-लॉक. एखाद्या फाइलवर फ्लॉकने घालतात त्या लॉकशी याचा काही संबंध नाही. हा प्रोसेसच्या डिस्क्रिप्टर टेबलाचा राखणदार आहे; डिस्क्रिप्टर म्हणजे उघड्या फाइलीला मिळणारा क्रमांक.

मोजमापाचे आकडे टीमच्या शीटमध्ये जातील. इथे कारणं आणि निर्णय लिहीत जाईन.

३ जून

संशय पक्का करायला अँटन ब्लँचर्ड यांचं विल-इट-स्केल चालवलं; कोअर वाढले की सिस्टिम कॉलचा वेग वाढतो का ते मोजणारा हा चाचणीसंच. त्यातली ओपन१ ही चाचणी आमच्या कामाची छोटी प्रतिकृतीच आहे: स्वतःची फाइल उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. ती दोन प्रकारांनी चालते, वेगवेगळ्या प्रोसेस करून किंवा एकाच प्रोसेसमधल्या थ्रेडांनी.

प्रोसेस प्रकारात रेषा कोअरबरोबर वर चढत जाते. थ्रेड प्रकारात ती थोडी चढते, आडवी होते, आणि दुसऱ्या सॉकेटचे कोअर कामाला लागले की खाली झुकते. फाइल सिस्टिम तीच, मशीन तेच, सिस्टिम कॉलही तेच. फरक एवढाच की थ्रेडांचं डिस्क्रिप्टर टेबल सामाईक आहे आणि प्रोसेसांचं आपापलं. आमच्या सर्व्हिसचा आलेख दुसऱ्या रेषेवर अगदी बसतो.

पर्फ लॉक कंटेन्शनही बीपीएफच्या (चालत्या कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम घालण्याची सोय) मदतीने चालवलं. कर्नल ५.१९पासून लॉकसाठी थांबणं सुरू झालं आणि संपलं याचे ट्रेसपॉइंट (नोंद घेण्याच्या खुणा) आहेत, त्यामुळे लॉकस्टॅटसाठी कर्नल वेगळा बांधावा लागत नाही आणि चालत्या सर्व्हिसवर बघता येतं. वाट पाहण्यात गेलेला वेळ त्याच दोन फंक्शनांच्या नावावर.

५ जून

आज दिवसभर कर्नलमधली फाइल.सी ही एकच फाइल वाचली. लॉक धरलेला असताना नेमकं काय काय होतं ते लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

ओपन आलं की मोकळा क्रमांक शोधायचा. त्यासाठी नेक्स्ट-एफडी नावाची खूण आहे: याच्या खालचे सगळे क्रमांक वापरात आहेत असं ती सांगते. तिथून पुढे ओपन-एफडीज या बिटमॅपमध्ये (दर क्रमांकाला एक बिट, वापरात असेल तर १) पहिला शून्य बिट शोधायचा. टेबल पुरत नसेल तर वाढवायचं. मग तो बिट १ करायचा, एक्झेकच्या (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवण्याच्या) वेळी बंद करायचा की नाही त्याचा बिट लावायचा किंवा पुसायचा, नेक्स्ट-एफडी पुढे सरकवायची. शेवटी ६.६मध्ये एक खातरजमा आहे: टेबलातली ती जागा खरंच रिकामी आहे ना? ही खातरजमा लॉकच्या आत होते आणि तिच्यासाठी आणखी एक कॅश लाइन (मेमरीचा कोअर एकदम ओढतो तो तुकडा) ओढून आणावी लागते.

क्लोज आलं की उलट: जागा रिकामी करायची, बिट पुसायचे, आणि क्रमांक लहान असेल तर नेक्स्ट-एफडी मागे आणायची.

बिटमॅप दोन मजली आहे. २०१५मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी वरचा मजला घातला. त्याआधी लाखो डिस्क्रिप्टर उघडे असणाऱ्या प्रोसेसमध्ये मोकळा बिट शोधताना सगळा बिटमॅप चाळावा लागे. १०,४८,५७६ डिस्क्रिप्टरांचा खालचा बिटमॅप १२८ केबी भरतो. वरच्या मजल्यातला एक बिट खालच्या ६४ बिटांचा पूर्ण शब्द भरलेला आहे का तेवढं सांगतो, म्हणून तो फक्त २ केबीचा. एका शब्दात ४०९६ डिस्क्रिप्टरांचा निकाल लागतो.

त्याच वर्षी एरिक ड्युमाझे यांनी एफडी-इन्स्टॉल या पायरीतून हा लॉक पूर्ण काढला होता (कर्नल ४.२). क्रमांक एकदा आपल्या नावावर राखून झाला की त्या जागी पॉइंटर ठेवायला इतरांना अडवण्याची गरज नाही. टेबल त्या क्षणी वाढत नाही ना एवढंच पाहावं लागतं. आणि क्रमांकावरून फाइल शोधण्याची वाट तर २००५पासून, २.६.१४ आवृत्तीपासून, लॉकविना आहे. दीपांकर सर्मा यांनी ती आरसीयूवर (वाचणाऱ्यांना लॉक न घेता वाचू देणारी कर्नलची पद्धत) नेली.

म्हणजे वाचणारे मोकळे, ठेवणारे मोकळे. क्रमांक देणारे आणि परत घेणारे तेवढे रांगेत. आमची सर्व्हिस नेमकं हेच दोन उद्योग अखंड करते.

९ जून

आज ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे दाखवलं. त्यांनी विचारलं, "लॉकच चांगल्या जातीचा लावला तर?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट लिहिते.

लिनक्समधला स्पिनलॉक आधीच चांगला आहे. २००८च्या सुमारास तिकीट लॉक आले, त्यांनी नंबराप्रमाणे न्याय दिला. पण वाट पाहणारे सगळे कोअर एकाच मेमरी जागेकडे टक लावून बसत. २०१५मध्ये ४.२ आवृत्तीत रांगेचा स्पिनलॉक आला. त्यात रांगेतला प्रत्येकजण स्वतःच्या जागेवर फिरतो आणि पुढचा सुटला की त्यालाच इशारा मिळतो. लॉक मात्र ४ बाइटांतच मावतो. यापुढे लॉकची जात बदलून मोठी कमाई होईल असं मला वाटत नाही. लॉक कितीही हुशार असला तरी आतलं काम एका वेळी एकानेच करायचं आहे.

या कर्नलच्या फाइल विभागाचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसतं. सगळ्या उघड्या फाइलींच्या याद्यांवर एकच जागतिक लॉक होता. २०१०मध्ये निक पिगिन यांच्या कामातून त्या याद्या सीपीयूगणिक विभागल्या गेल्या, आणि २०१३मध्ये अल व्हिरो यांनी ती यादी आणि तो लॉक दोन्ही काढून टाकले. डेंट्री कॅशवरचा (फाइलींच्या नावांचा मेमरीतला साठा) जागतिक लॉक २०११मध्ये २.६.३८मध्ये गेला आणि पाथ शोधणं आरसीयूवर आलं. त्याच वर्षी २.६.३९मध्ये बिग कर्नल लॉकचा, म्हणजे सबंध कर्नलला एकच असलेल्या लॉकचा, शेवटचा अवशेषही गेला. टिकाऊ फायदा दर वेळी वाटून घेण्याची वस्तू कमी केल्याने झाला आहे.

एमआयटीच्या गटाने २०१०मध्ये ४८ कोअरच्या मशीनवर एक्झिम, मेमकॅश्ड, अपाची, पोस्टग्रेस असे सात प्रोग्राम तपासले होते. कर्नलमधल्या अडचणी ३००२ ओळींच्या बदलांत बऱ्याच दूर झाल्या. मला त्यातून धीर येतो: बदल लहान असतात, जागा अचूक सापडावी लागते.

१२ जून

पर्फ सी२सी आणि पाहोल.

सी२सी सांगतं की कोणती कॅश लाइन एका कोअरने बदलली आणि लगेच दुसऱ्याला हवी झाली. आमच्याकडे सर्वांत तापलेली लाइन अर्थातच लॉकची. ६४ बाइटांची ही लाइन म्हणजे चार वर्गांत मिळून फिरणारी हजेरीची एकच वही. हजेरी घ्यायला क्षणभर लागतो, वही एका वर्गातून दुसऱ्या वर्गात न्यायला त्याहून जास्त. वर्ग दुसऱ्या इमारतीत, म्हणजे दुसऱ्या सॉकेटवर असेल तर अजूनच.

पाहोलने फाइल्स-स्ट्रक्टची आतली मांडणी छापली आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. लिहिला जाणारा भाग मुद्दाम नव्या कॅश लाइनवर सुरू केलेला आहे, जेणेकरून नुसतं वाचणाऱ्यांना त्रास होऊ नये. या लाइनमध्ये लॉकचे ४ बाइट, नेक्स्ट-एफडीचे ४, मग सुरुवातीच्या तीन बिटमॅपांचे प्रत्येकी ८. झाले ३२. उरलेल्या ३२ बाइटांत सुरुवातीच्या ६४ जागांच्या टेबलातले पहिले चार पॉइंटर येतात, म्हणजे डिस्क्रिप्टर ०, १, २ आणि ३. टेबल ६४च्या आत असेपर्यंत स्टँडर्ड एररवर एक ओळ लिहिणाऱ्या थ्रेडलाही लॉकच्या लाइनवरून जावं लागतं. टेबल एकदा वाढलं की पॉइंटर आणि बिटमॅप स्वतंत्र मेमरीत जातात आणि हा प्रश्न आपोआप सुटतो.

वाढलेल्या टेबलातही एक शेजारधर्म उरतोच. ६४ बाइटांत ८ पॉइंटर बसतात. सगळ्यात लहान मोकळा क्रमांक द्यायचा या नियमामुळे एकाच वेळी फाइल उघडणाऱ्या थ्रेडांना लागोपाठचे क्रमांक मिळतात, आणि त्यांचे पॉइंटर एकाच लाइनवर येतात. लॉक सुटल्यावरही ओढाताण थोडी चालूच राहते.

१७ जून

चाचणीच्या मशीनवर ६.१५ चढवला. कोडमध्ये काही न बदलता ओपन१ची थ्रेड रेषा वर आली. कुठून आली ते शोधलं.

पहिलं, इंटेलच्या अभियंत्यांनी २०२४मध्ये याच लॉकच्या आतलं काम कमी करणारे तीन छोटे पॅच दिले. जागा रिकामी आहे ना ही खातरजमा काढली. नेक्स्ट-एफडी ज्या शब्दात आहे त्याच शब्दात आधी बघायचं, शून्य बिट मिळाला तर वरच्या मजल्याकडे जायचंच नाही. आणि बंद करताना वरच्या मजल्यावरचा बिट मुळातच शून्य असेल तर पुन्हा शून्य लिहायचा नाही. शेवटच्या पॅचवर मी बराच वेळ रेंगाळले. असलेलीच किंमत पुन्हा लिहिली तरी ती लाइन इतर सगळ्या कोअरच्या कॅशमधून बाद होते. एक इफ घालून ते लिहिणं वाचवलं की शेजाऱ्यांचं नुकसान टळतं.

दुसरं, फाइल ऑब्जेक्टची बाजू. ६.७मध्ये क्रिश्चन ब्राउनर यांनी फाइल ऑब्जेक्टची मेमरी सोडण्याची पद्धत बदलली. आधी प्रत्येक बंद झालेली फाइल आरसीयूची मुदत संपेपर्यंत, म्हणजे आधीचे वाचणारे सगळे बाहेर पडेपर्यंत, अडकून राहायची. आता ती जागा लगेच नव्या फाइलला देता येते. त्याची किंमत म्हणून शोधणाऱ्याने संदर्भ घेतल्यावर (फाइल वापरात असल्याची मोजणी वाढवल्यावर) टेबलातला पॉइंटर अजून तोच आहे ना हे पुन्हा पाहायचं. उघड-बंद सतत करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे मानवणारं आहे. ६.१३मध्ये फाइलच्या संदर्भ मोजणीसाठी वेगळा प्रकार आला, ज्यात 'शून्य नसेल तरच वाढव' हे फिरत राहणारं लूप जाऊन सरळ एक अणुक्रिया (मधे दुसऱ्या कोअरला शिरता येत नाही अशी क्रिया) उरली.

रेषा वर आली, पण दुसऱ्या सॉकेटपाशी ती अजूनही आडवी होते. कर्नल अद्ययावत करायचा हे नक्की. त्यावर थांबायचं नाही हेही.

२० जून

आज दोन्ही पालख्या पुण्यात, रस्ते बंद, त्यामुळे घरूनच काम. त्याचा उपयोग करून दिवसभराची लांब चाचणी लावली आणि सरासरीऐवजी सर्वांत हळू गेलेल्या विनंत्या पाहिल्या.

सर्व्हिस सुरू झाल्यावर थोड्या वेळात विलंबाची काही टोकं दिसतात. मिलिसेकंदांची, म्हणजे स्पिनलॉकच्या मानाने फारच मोठी. नंतर ती नाहीशी होतात. प्रत्येक टोकाच्या क्षणी प्रोसेसच्या स्टेटस फाइलीतला एफडीसाइझ बदललेला: ६४, १२८, २५६, ५१२.

कोडमध्ये कारण स्पष्ट आहे. टेबल वाढवताना ते सामाईक असेल तर कर्नल आरसीयूची एक पूर्ण मुदत थांबतो, कारण लॉकविना पॉइंटर ठेवणारे जुन्या टेबलात लिहून बसायला नकोत. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुठल्या थ्रेडला टेबल वाढवायचं असेल तर तोही थांबतो, आणि पॉइंटर ठेवायला आलेला थ्रेड जुनी वाट सोडून लॉकच्या वाटेने जातो. एफडी-इन्स्टॉल लॉकमुक्त करण्याची ही किंमत. सौदा उत्तम आहे, फक्त त्याचं बिल भर गर्दीत येऊ नये.

२४ जून

टोकांचा उपाय झाला. मेन फंक्शनमध्ये, एकही थ्रेड सुरू होण्याआधी, स्टँडर्ड इनपुटची एक नक्कल मोठ्या क्रमांकावर करायची आणि लगेच बंद करायची. टेबल तेवढं वाढतं आणि प्रोसेस असेपर्यंत परत लहान होत नाही. त्या क्षणी टेबलाचा मालक एकटाच असल्यामुळे आरसीयूची वाट पाहावी लागत नाही. ओळी दोन. वर १२ तारखेची अडचणही गेली: पहिले चार पॉइंटर लॉकच्या लाइनवरून हलले.

टोकं गेली. हा बदल आजच मुख्य शाखेत घातला.

३० जून

आता मूळ मुद्दा. आतलं काम कितीही छाटलं तरी क्रमांक द्यायला एकेकानेच यावं लागतं. असं का?

पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने वचन दिलं आहे की ओपन नेहमी सर्वांत लहान मोकळा क्रमांक देईल. जुन्या युनिक्सच्या शेलला याचा फार उपयोग होता: ० बंद करा, फाइल उघडा, ती ० क्रमांकावरच येणार, आणि पुढचा प्रोग्राम तिला स्टँडर्ड इनपुट समजून वाचणार. अर्ध्या शतकाचे प्रोग्राम या वचनावर उभे आहेत, ते मोडता येणार नाही.

एमआयटीतले ऑस्टिन क्लेमेंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये यावर मूलभूत मांडणी केली. दोन क्रिया कोणत्याही क्रमाने केल्या तरी निकाल एकच येत असेल, तर त्या एकमेकींच्या आड न येता राबवता येतात. एकाच प्रोसेसमधली दोन ओपन या कसोटीला उतरत नाहीत, कारण आधी कोण आलं यावर कोणाला ३ आणि कोणाला ४ मिळणार ते ठरतं. त्यांच्या प्रायोगिक कर्नलमध्ये 'कोणताही क्रमांक चालेल' असा ध्वज होता. तो दिला की वचन सैल होतं आणि प्रत्येक कोअर आपापल्या वाट्यातून क्रमांक देऊ शकतो. लिनक्समध्ये असा ध्वज नाही.

माझ्यासाठी हा या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा दिवस. वर्कर थ्रेडने उघडलेली फाइल तोच वाचतो, तोच बंद करतो. तिचा क्रमांक दुसऱ्या थ्रेडला कधी कळतही नाही. मग ते क्रमांक सगळ्यांच्या एकाच टेबलात का ठेवायचे?

३ जुलै

तीन वाटा समोर ठेवल्या.

आयओ-यूरिंग: सामाईक रांगेतून, म्हणजे रिंगमधून, कर्नलला कामं देण्याची सोय. ५.१५पासून त्यात फाइल थेट रिंगच्या स्वतःच्या टेबलात उघडता येते, प्रोसेसच्या टेबलाला स्पर्शच होत नाही. तांत्रिकदृष्ट्या मला हीच सर्वांत देखणी वाटते. पण आमच्या मशीनांवर सुरक्षेच्या धोरणामुळे ते बंद ठेवलेलं आहे, ६.६पासून त्यासाठी सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगांत) सोयही आहे. तूर्त बाद.

थ्रेड मोडून प्रोसेस करणं. लघुचित्रांचा मेमरीतला सामाईक साठा थ्रेडांच्या भरवशावर लिहिलेला आहे. पुनर्लेखन मोठं.

तिसरी, अनशेअर. २००६पासून, २.६.१६पासून, थ्रेड स्वतःला सामाईक डिस्क्रिप्टर टेबलातून वेगळं करून घेऊ शकतो. मेमरी सामाईकच राहते, टेबल आपलं. हीच घेतली.

८ जुलै

अनशेअर नुसतं वापरलं तर वर्करला जुन्या टेबलाची पूर्ण नक्कल मिळते, त्यात ग्राहकांच्या नेटवर्क जोडण्यांचे सॉकेटही आले. मुख्य थ्रेडने एखादा सॉकेट बंद केला तरी वर्करच्या टेबलात त्याचा संदर्भ जिवंत राहतो आणि पलीकडच्याला जोडणी बंद झाल्याचं कळतच नाही. म्हणून ५.९मध्ये आलेल्या क्लोज-रेंजचा अनशेअर ध्वज वापरला: टेबल वेगळं कर आणि ३पासून वरचं सगळं बंद कर, एकाच हाकेत. कर्नल इतका समजूतदार आहे की जे बंदच करायचं त्याची नक्कल करत बसत नाही.

वर्कर सुरू होताना पहिली ओळ हीच. निकाल शीटमध्ये आहे. ओपन आणि क्लोजकडून स्लोपाथला येणारा ओघ आटला, आणि सर्व्हिसची रेषा दुसऱ्या सॉकेटवरही चढत राहिली.

फायदा दुहेरी आहे. टेबलाचा मालक एकच असेल तर क्रमांकावरून फाइल शोधताना कर्नल संदर्भ वाढवत-घटवत नाही; दुसरं कोणी ती फाइल मधेच काढून घेईल ही शक्यताच नसते. वाचनाच्या प्रत्येक कॉलमागे दोन अणुक्रिया वाचल्या. वर्करचं टेबल ६४च्या आत राहतं, आणि वाढलंच तरी एकटा मालक असल्यामुळे आरसीयूची वाट नाही.

१० जुलै

कोड परीक्षणात सहकारी म्हणाली, "लॉग फिरवल्यावर काय होईल?"

प्रश्न फार चांगला. रात्री लॉग फाइल बदलते तेव्हा मुख्य थ्रेड नवी फाइल उघडून तीच जुन्या क्रमांकावर बसवतो. सामाईक टेबलात हे सगळ्यांना एकदम लागू होत असे. आता स्टँडर्ड एररवर थेट लिहिणारा वर्कर जुन्याच फाइलीत लिहीत राहील, आणि पुसलेल्या फाइलीची जागाही डिस्कवर अडून राहील. ठरलं: वर्कर स्वतः लॉग लिहिणार नाहीत. ओळ मेमरीतल्या रांगेत टाकतील, मुख्य थ्रेड लिहील. वर्करच्या टेबलातले ०, १ आणि २ लिहिलेलं सगळं टाकून देणाऱ्या नल डिव्हाइसकडे वळवले.

तिने आणखी एक यादी काढायला लावली: वर्करमधून हाक जाणाऱ्या कोणत्या लायब्ररी डिस्क्रिप्टर कुठेतरी साठवून ठेवतात? नावांवरून पत्ता शोधणारा कोड आणि सिसलॉग हे ठरलेले संशयित. दोन्ही मुख्य थ्रेडकडे हलवले. गो किंवा जावासारख्या रनटाइममध्ये ही युक्ती मी अजिबात सुचवणार नाही; तिथे काम कोणत्या थ्रेडवर चालेल ते आपल्या हातात नसतं. आमची सर्व्हिस सी++मध्ये आहे आणि थ्रेड आमचेच आहेत, म्हणून हे जमतं.

१५ जुलै

ऑपरेशन्सच्या लोकांबरोबर बैठक. प्रोसेसची प्रॉकमधली (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) एफडी डिरेक्टरी आता फक्त मुख्य थ्रेडचं टेबल दाखवते. वर्करचं पाहायचं तर टास्कच्या खाली त्या थ्रेडची एफडी डिरेक्टरी उघडावी लागते. देखरेखीच्या स्क्रिप्ट तशा बदलल्या. उघड्या फाइलींची मर्यादाही आता प्रत्येक टेबलाला वेगळी लागते, कारण कर्नल ती क्रमांकाशी ताडून पाहतो. सगळ्या थ्रेडांची बेरीज जुन्या मर्यादेहून वर गेली तरी कोणी अडवणार नाही, म्हणून बेरजेवर वेगळा इशारा लावला.

२१ जुलै

एक लॉक शांत झाला की त्याच्या मागचा दिसतो. पर्फमध्ये आता वर आहे लॉकरेफ, डेंट्रीचा. पाथ शोधणं आरसीयूवर चालतं, वाटेतल्या डिरेक्टरींना हात लागत नाही. पण शेवटच्या फाइलीच्या डेंट्रीचा संदर्भ घ्यावाच लागतो. २०१३मध्ये ३.१२ आवृत्तीत वेमन लाँग आणि टॉरवाल्ड्स यांनी लॉक आणि मोजणी मिळून ८ बाइटांत बसवली, त्यामुळे लॉक न घेता एका तुलना-बदल क्रियेत मोजणी हलते. तरी सगळे कोअर त्याच ८ बाइटांवर आले की ओढाताण आलीच.

सगळे एकाच फाइलीवर का येतात ते सापडलं: रंगांचं प्रोफाइल. प्रत्येक लघुचित्रासाठी तीच एक फाइल उघडली जाते. उपाय सरळ आहे, वर्करने ती सुरुवातीला एकदा उघडून स्वतःजवळ ठेवावी. वाचन रीडऐवजी प्रीडने (कुठून वाचायचं ते कॉलमध्येच सांगून) करायचं, म्हणजे फाइलमधली जागा सांभाळणाऱ्या लॉकशीही संबंध येत नाही. तो लॉक २०१४मध्ये ३.१४ आवृत्तीत आला, एकाच फाइलवर दोन थ्रेडांचं लेखन एकमेकांवर पडू नये म्हणून.

प्रोफाइल बदललं तर? नवी फाइल जुन्या नावावर रिनेम होते आणि उघडा डिस्क्रिप्टर जुनीच दाखवतो. मुख्य थ्रेड आयनोटिफायवर (फाइल बदलल्याची सूचना देणारी कर्नलची सोय) लक्ष ठेवेल आणि वर्करना आवृत्ती क्रमांक वाढल्याचं कळवेल.

२८ जुलै

पहिल्या रॅकवर नवी आवृत्ती चढली: टेबल आधीच वाढवणं, वर्करचं स्वतंत्र टेबल, लॉगची रांग, प्रोफाइल एकदाच उघडणं. कर्नल अजून ६.६च आहे, मुद्दाम. दोन बदलांचे परिणाम एकमेकांत मिसळायला नकोत. वर्करची संख्या कोअरइतकी केली. नव्या मशीनचे सगळे कोअर आज पहिल्यांदा सर्व्हिसच्या कामात आहेत, सिस्टिम टाइमचा पट्टा अरुंद झाला आहे, आणि संध्याकाळच्या गर्दीतही तो तसाच राहिला.

उरलेलं: दुसऱ्या रॅकसाठी ६.६च्या पुढच्या कर्नलची मागणी नोंदवली आहे. ओपन१च्या दोन्ही रेषा, प्रोसेसची आणि थ्रेडची, आता प्रत्येक कर्नल बदलाच्या चाचणीत आपोआप काढल्या जातील. आणि फाइल तयार करण्याच्या वाटेवर डिरेक्टरीचा आरडब्ल्यूसेम (अनेक वाचणारे किंवा एकच लिहिणारा आत सोडणारा लॉक) पर्फमध्ये डोकं वर काढतो आहे. लघुचित्रं एकाच डिरेक्टरीत लिहिली जातात, तिथे त्यांना उपडिरेक्टरींत विभागून पाहायचं आहे. ते काम उद्या सुरू.